हिशेबाची वही आणि तिचे वाचक



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा "छोट्या व्यापाऱ्याने हिशेबासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे" हा विषय मी सांगितला. चालकांना वाटले, मी थट्टा करतो आहे. कामगार संघटनेचा कार्यकर्ता बोनसवर बोलेल, किमान वेतनावर बोलेल. दुकानदाराच्या संगणकाशी त्याचा काय संबंध? शिवाय माझे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे शिकलो ते जिनिंगच्या आवारात, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि वाचनालयाच्या बाकावर. तरीही मी हट्ट सोडला नाही. त्याचे कारण असे की, गेल्या पस्तीस वर्षांत मी जी भांडणे भांडलो, त्यांतील बहुतेक मुळाशी जाऊन पाहिली तर वहीची भांडणे होती. कोणी काय लिहिले, ते कोणाला वाचता आले आणि लिहिलेले मागाहून कोणी बदलले, या तीन प्रश्नांवरच ती मिटली किंवा चिघळली. आज वहीच्या जागी संगणक आला आहे. प्रश्न मात्र तेच आहेत. म्हणून या विषयाची सुरुवात मी संगणकाच्या दुकानात न करता आपल्या जुन्या कापूसबाजारात करणार आहे.

कापसाचा बाजार आणि लाल वही

आपले खामगाव वहीवरच वाढलेले गाव आहे. १८२० च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी येथे दुकाने थाटली. तूप, सूत आणि थोडासा कापूस, एवढाच तेव्हाचा व्यापार. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाचे नशीब फळफळले. मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो येथे आले आणि जलंबहून खामगावला येणारा आगगाडीचा फाटा सुरू झाला. फाटा जेमतेम तेरा किलोमीटरचा. पण त्यामुळे आपल्या बाजारातील गाठ मुंबईच्या बंदरावर आणि तेथून साता समुद्रापलीकडे जाऊ लागली.

आता विचार करा, एवढा व्यवहार कशावर चालत होता? शेतकऱ्याची गाडी अडत्याच्या दारात उभी राही. मापारी तोले, हमाल उचले आणि गादीवर बसलेला मुनीम लिही. लाल कापडात बांधलेली ती लांबोडकी वही आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिली असेल. तिच्यात छापील रेघा नसत. कागदाला घड्या पाडून रकाने केलेले असत. रोजचा व्यवहार प्रथम रोजकीर्दीत चढे, कीर्दीतून तो प्रत्येकाच्या नावाच्या खात्यावर, म्हणजे खतावणीत जाई, आणि शेवटी ताळेबंद होई. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे. इंग्रजी पद्धतीत नेमके उलटे असते, पण तत्त्व एकच: एका हाताने आलेले दुसऱ्या कोणाच्या तरी हातून गेलेले असलेच पाहिजे. इटलीत लुका पॅचिओली नावाच्या फ्रान्सिस्कन साधूने १४९४ साली व्हेनिस येथे गणिताचा एक ग्रंथ छापला आणि त्यात तेथील व्यापाऱ्यांची ही दुहेरी नोंदीची रीत समजावून सांगितली. त्याने ती शोधून काढली नव्हती. बाजारात चालू होती ती त्याने लिहून ठेवली. माणसे हिशेब पंडितांकडून शिकली नाहीत, बाजाराच्या गरजेतून शिकली, हे यावरून ध्यानात यावे.

हा हिशेब डोक्यात करायचा म्हणजे खेळ नव्हता. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. कापूस मणात आणि खंडीत. मुंबईच्या बाजारात रुईची खंडी ७८४ पौंडांची. म्हणून तर आपल्या आजोबांना पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी पाठ करावी लागे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पुढे किलोग्रॅम आला, आणि त्या पाढ्यांचे काम संपले. खंडी मात्र गेली नाही. आजही रुईचा भाव खंडीत बोलतात. फक्त ७८४ पौंडांचे ३५६ किलो झाले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे संगणकाला ती अडवणार आहे.

या वहीत एक मोठी मेख होती. मराठी दप्तर मोडीत आणि मारवाडी पेढ्यांच्या वह्या महाजनी लिपीत. महाजनी लिहिताना काना, मात्रा, वेलांट्या बहुधा गाळीत. त्यावरून एक जुनी गोष्ट सांगतात. काकाजी अजमेरला गेल्याचे पत्र एका पेढीतून घरी आले. घरच्यांनी ते "काकाजी आज मर गये" असे वाचले आणि रडारड सुरू झाली! गोष्ट हसण्यासारखी खरी. पण जी लिपी पेढीच्या आप्तांनाच चकवते ती शेतकऱ्याला काय उमगणार? गाडीभर कापूस आणणारा बाजूला उभा राही. मुनीम लिही, अडत्या वाची आणि शेतकरी अंगठा उमटवी.

वहीवरचा राग

लिहिणारा एक आणि न वाचता येणारे हजार, अशी स्थिती झाली म्हणजे काय होते, ते महाराष्ट्राने १८७५ साली पाहिले. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरला. त्या लोकांनी मुख्यतः मागितले काय? सावकाराचा जीव नव्हे, सोनेनाणेही नव्हे. त्यांनी कर्जरोखे, हुकूमनामे आणि हिशेबाचे कागद मागितले आणि त्यांची होळी केली. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तेथे बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. शाळेत हा इतिहास शिकलो तेव्हा मला नवल वाटले होते. पुढे कामगारांत वावरू लागल्यावर ते उरले नाही. ज्या कागदावर आपले भवितव्य लिहिले आहे आणि जो आपल्याला वाचता येत नाही, त्या कागदाइतका माणसाला दुसऱ्या कशाचाही राग येत नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात इतर गोष्टींबरोबर अशीही तरतूद होती की, पैसे मिळाल्यावर सावकाराने पावती द्यावी, वर्षाचा हिशेब लिहून द्यावा आणि ऋणकोने मागितल्यास त्याला खातेपुस्तक द्यावे. म्हणजे वहीची एक प्रत दुसऱ्या पक्षाच्या हाती गेली. हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी होता. निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या आपल्या वऱ्हाडाला तो लागू नव्हता. परंतु वऱ्हाडाने दुसऱ्या बाजूने वाट काढली. कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा झाला. बाजार समिती, परवानेधारक मापारी, ठरावीक वजने आणि ठरावीक कपात ही व्यवस्था हिंदुस्थानात कायद्याने प्रथम आली ती आपल्या या मुलखात. आपण कापसाचा अभिमान धरतो, तसा या कायद्याचाही धरावा. शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली किती, तोलाई किती कापायची, हे मुनीमाच्या मर्जीवर न ठेवता फळ्यावर लिहिले जाऊ लागले, हे काही लहान काम नव्हे. त्याची अंमलबजावणी नेहमीच सचोटीने झाली, असे मात्र मी म्हणणार नाही.

तिऱ्हाईत वाचक

विसाव्या शतकात वहीला आणखी वाचक मिळाले. पहिला वाचक म्हणजे करवसुली करणारे सरकार. आपल्या देशात विक्रीकराचा आरंभ १९३८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडातच झाला. तेव्हा तो पेट्रोल आणि वंगणापुरता होता. १९४७ साली त्याच प्रांताने सर्वसाधारण विक्रीकराचा कायदा केला. त्याआधी १९२२ चा प्राप्तिकर कायदा होताच. आता मुनीमाला धन्याप्रमाणेच साहेबासाठीही लिहावे लागले. काहींनी यावर दोन वह्यांचा उपाय काढला, हे सांगायला नको. येथे बसलेल्या व्यापारी बंधूंनी माझ्याकडे रागाने पाहू नये.

दुसरा वाचक म्हणजे कामगार. १९३६ च्या वेतन कायद्याने पगार ठरल्या तारखेला देणे आणि दंड व कपात यांची नोंद ठेवणे बंधनकारक केले. १९४८ चा किमान वेतन कायदा आला. १९५० साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या प्रकरणात श्रमिक अपील न्यायाधिकरणाने बोनस काढण्याचे सूत्र घालून दिले, आणि १९६५ साली बोनसचा कायदा झाला. या सूत्राने आमच्या चळवळीला एक नवीच विद्या शिकायला लावली. घोषणा देणे पुरेसे नव्हते. कंपनीचा ताळेबंद वाचून घसारा किती दाखवला, शिल्लक किती, हे सांगता आले पाहिजे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांसाठी मंडळे काढण्याची सोय केली. जेथे मंडळ चालते तेथे मालकाने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची आणि हमालाला ती मंडळाच्या नोंदीप्रमाणे मिळायची. पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसाच्या नावाचे खाते तिऱ्हाइताच्या वहीत उघडले, हे मला त्या कायद्यातले सर्वांत मोठे कलम वाटते. वेतन, किमान वेतन आणि बोनस यांचे जुने कायदे पुढे २०१९ च्या वेतनसंहितेत एकत्र झाले. तरी वेतनाची नोंद ठेवण्याचे आणि कामगाराला वेतनचिठ्ठी देण्याचे बंधन राहिलेच.

येथे मी माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. १९८६ साली, सोळाव्या वर्षी, मी एका जिनात मजुरीला लागलो. दिवाळीनंतरच्या एका आठवड्यात आमच्यातल्या एका गड्याचा पगार दोनशे रुपयांनी कमी आला. त्याने एकदा उचल घेतली होती. कापली गेली दोनदा. दहा-बारा जणांचा घोळका घेऊन मी पेढीवर गेलो. वाटले होते, हाकलून देतील. पण म्हाताऱ्या मुनीमजींनी चष्मा चढवला, कीर्द काढली, खतावणी काढली आणि दोन्ही माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "बेटा, शोध." मला काय शोधता येणार? मग त्यांनीच बोट ठेवून दाखवले. कीर्दीत उचल एकदाच होती. खतावणीत चढवताना ती दोनदा चढली होती. मला वाटले, आता ते खोडतील. त्यांनी खोडले नाही. त्या दिवसाच्या कीर्दीत त्यांनी त्या गड्याच्या नावावर दोनशे रुपये जमा लिहिले, पुढे चुकीचे कारण लिहिले आणि सही केली. म्हणाले, "वहीत चूक झाली तर चूकही वहीतच राहिली पाहिजे. खोडलं की माणूस चोर ठरतो." त्यांच्याकडून मी पुढे दोन वर्षे संध्याकाळी कीर्द वाचायला शिकलो. मालकाच्या बाजूचा तो माणूस. पण माझा पहिला गुरू तोच.

संगणक आला

याच १९८६ साली, मला नकळत, बंगळूरला आणखी एक गोष्ट घडत होती. श्यामसुंदर गोएंका नावाचे व्यापारी कारखान्यांना आणि कापडगिरण्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरवीत. त्यांना आपल्या धंद्याचा हिशेब संगणकावर ठेवायचा होता, पण मनासारखी आज्ञावली मिळेना. त्यांचा मुलगा भरत गणिताचा पदवीधर होता. त्याला त्यांनी सांगितले, तूच कर. त्यातून जे निघाले, त्याला पुढे टॅली हे नाव मिळाले. त्या वेळच्या इतर आज्ञावल्यांत प्रत्येक खात्याला सांकेतिक आकडा द्यावा लागे आणि तो पाठ असणारा माणूसच ती चालवू शके. या आज्ञावलीत खात्याचे नाव लिहिले की काम होई. गोष्ट साधी दिसते; पण मोडीतून बाळबोधीत येण्याइतकीच ती महत्त्वाची आहे, कारण तिने वाचक वाढवले. २००६ साली तिची मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणारी आवृत्ती आली.

संगणकाला आमच्या चळवळीने विरोध केला होता, हेही मी लपवीत नाही. साठीच्या दशकात कलकत्त्याला आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणक येऊ नये म्हणून मोठे आंदोलन केले. बँकांत हा वाद पुष्कळ वर्षे चालला आणि १९८३ साली कर्मचारी संघटना व बँका यांच्यात यांत्रिकीकरणाविषयी करार झाला. नोकऱ्या जातील ही भीती खोटी नव्हती. परंतु आज मागे वळून पाहताना वाटते की, यंत्र येऊ द्यायचे की नाही यावर आम्ही जेवढे बोललो, तेवढे यंत्रातला हिशेब कोणाला वाचता येईल यावर बोललो असतो तर बरे झाले असते.

छोट्या व्यापाऱ्याला संगणकाकडे खरे ढकलले ते कायद्याने. १ एप्रिल २००५ ला महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर आला आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी. विकणाऱ्याने दाखवलेली विक्री आणि घेणाऱ्याने दाखवलेली खरेदी यांचा मेळ सरकारचे यंत्र घालू लागले. "बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर" असा हा प्रकार; बिल दिसले तरच कराची वजावट. लाल वही लक्ष्मीपूजनापुरती उरली. जुन्या दिवाळी वर्षाची सोयही १९८९ मध्येच गेली होती. तेव्हापासून प्राप्तिकरासाठी सर्वांचेच वर्ष ३१ मार्चला संपू लागले.

आता दुसरी गोष्ट सांगतो. ती मात्र सुखाची नाही. काही वर्षांपूर्वी एका व्यवसायातील अकरा कामगारांच्या पगारातून उचल कापली गेली. त्यातल्या चौघांचे म्हणणे, आम्ही उचल घेतलीच नाही. मी नेहमीप्रमाणे हिशेब पाहायला गेलो. संगणकावर बसणाऱ्या मुलाने पडदा माझ्याकडे वळवला. चौघांच्या नावे उचल स्पष्ट दिसत होती, आणि तीही अशा तारखेला की ज्या दिवशी काम बंद होते! मी विचारले, ही नोंद कोणी केली? माहीत नाही. केव्हा केली? माहीत नाही. आधी येथे काय होते? तेही कळायला मार्ग नाही. तेथे चारजण एकाच सांकेतिक शब्दाने यंत्र उघडत आणि त्या आज्ञावलीत बदलांचा माग ठेवलाच जात नव्हता. मालक शपथेवर सांगत होते की, मी काही केले नाही. आणि मला आजही वाटते की, ते खरे बोलत होते. शेवटी निम्म्या रकमेवर तडजोड झाली आणि खापर त्या मुलावर फुटले. त्याची नोकरी गेली. तोही पगारी कामगारच होता. त्याला वाचवायला माझ्याजवळ पुरावा नव्हता, जसा त्याला दोषी ठरवायला कोणाजवळ नव्हता. मुनीमजींच्या वहीत जे दोन मिनिटांत सापडले, ते या यंत्रात कधीच सापडले नाही.

विलायतेतील पोस्टमास्तर

हा खामगावचा मागासलेपणा, असे कोणी म्हणेल, म्हणून इंग्लंडचे उदाहरण देतो. तेथील टपाल खात्याने १९९९ पासून आपल्या उपकार्यालयांत होरायझन नावाची हिशेबाची आज्ञावली बसवली. ही उपकार्यालये चालवणारे बहुतेक लोक म्हणजे छोटे दुकानदारच. थोड्याच दिवसांत ठिकठिकाणच्या हिशेबात तूट दिसू लागली. दुकानदार सांगत होते, पैसे गेलेले नाहीत, यंत्र चुकते आहे. वरून उत्तर येई, यंत्र चुकत नाही. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक लोक चोरी आणि लबाडीच्या आरोपाखाली दोषी ठरले. कोणी तुरुंगात गेले, कोणाचे दिवाळे निघाले, काहींनी जीव दिला. शेवटी डिसेंबर २०१९ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने त्या आज्ञावलीत दोष असल्याचे मान्य केले. शाखांच्या हिशेबात दुकानदाराच्या नकळत दुरून बदल करता येत होता, हेही उघड झाले. २०२४ साली पार्लमेंटला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. म्हणजे सुप्याच्या शेतकऱ्याची आणि विलायतेतील पोस्टमास्तराची अडचण एकच: आपल्याविरुद्ध काय लिहिले आहे, ते त्याला मुळापर्यंत वाचता येत नव्हते.

मग घ्यावे कोणते?

गेल्या वर्षी माझ्या ओळखीच्या एका छोट्या कापूस व्यापाऱ्याने मला आणि आपल्या मुलीला घेऊन हाच प्रश्न सोडवायचे ठरवले. मुलगी वाणिज्य शाखेची पदवीधर. तो कापूस घेतो, दुसऱ्याच्या जिनात मजुरीने सरकी वेगळी करून घेतो आणि रुई व सरकी विकतो. पदरी एक कारकून आणि सहा गडी. बाजारात नावे पुष्कळ: टॅली, बिझी, मार्ग, चेन्नईचे झोहो बुक्स, मोबाइलवर चालणारे व्यापार, शिवाय ग्नूकॅशसारखी फुकट आणि जिची घडण कोणालाही उघडून पाहता येते अशीही एक. विक्रेते येत आणि रंगीत पडदे दाखवीत. आम्ही ठरवले की, पडदे पाहायचे नाहीत. एकच व्यवहार प्रत्येकाकडून लिहून घ्यायचा.

व्यवहार असा: एका शेतकऱ्याकडून १० क्विंटल कापूस घेतला. शेकडा ३४ प्रमाणे ३४० किलो रुई निघाली, म्हणजे १७० किलोच्या बरोबर दोन गाठी. उरलेल्या ६६० किलोंत सरकी आणि थोडी घट. खरेदी क्विंटलमध्ये, रुई विकायची ३५६ किलोंच्या खंडीच्या भावाने, सरकी पुन्हा क्विंटलने. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरचा जीएसटी नोव्हेंबर २०१७ पासून खरेदीदारावर आला, तो वेगळा दाखवायचा. हमाली हमालांच्या खात्यात. एका मालाचे दोन माल होतात, हेच पहिल्या विक्रेत्याच्या यंत्राला लिहिता येईना. दुसऱ्याचे खंडीपाशी अडले. किराणा दुकानासाठी ती यंत्रे उत्तम असतील. आमच्या उपयोगाची नव्हती. आपला धंदा यंत्रात मावतो की नाही, हे आपल्याच एका व्यवहाराने पाहावे, ही पहिली कसोटी.

दुसरी कसोटी भाषेची. आम्ही कारकुनाला आणि एका गड्याला बसवून विचारले, तुझे खाते काढून दाखव. नावे मराठीत दिसत होती, खात्याचा उतारा मराठीत छापून निघत होता, तेव्हा त्या गड्याने स्वतःची उचल स्वतः वाचली. विक्रेत्याला यात काही विशेष वाटले नाही. मला मात्र कारंजा आणि सुपे आठवले.

तिसरी कसोटी खाडाखोडीची. मी मुद्दाम एक जुनी नोंद बदलायला लावली आणि विचारले, आता सांगा, आधी काय होते, कोणी बदलले आणि केव्हा? ज्या यंत्राला हे सांगता आले नाही, ते बाद. यात माझा हट्ट नाही. कायदाच तसे सांगतो. जीएसटीच्या नियमांतील ५६ वा नियम म्हणतो की, नोंद पुसू नये, चूक झाल्यास ती रेघ मारून सहीनिशी दुरुस्त करावी, आणि हिशेब संगणकावर असेल तर बदललेल्या व काढलेल्या प्रत्येक नोंदीचा माग ठेवावा. नोंदणीकृत कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून असा माग ठेवणारेच सॉफ्टवेअर वापरावे लागते. मुनीमजी जे संध्याकाळी शिकवीत, ते सरकारने पस्तीस वर्षांनी नियमात लिहिले. मात्र हा माग उपयोगी पडायचा तर प्रत्येकाचा सांकेतिक शब्द वेगळा पाहिजे. "आमच्याकडे सगळे घरचेच आहेत" हे म्हणणे मी पुष्कळ ऐकले आहे. विश्वास पानपतात गेला म्हणतात. त्याला दुकानात शोधू नये. वेगळा शब्द ठेवणे म्हणजे कारकुनावर संशय घेणे नव्हे. उद्या संशय आलाच तर निरपराध कारकुनाला त्यातून सोडवण्याची ती सोय आहे.

चौथी कसोटी वही कोणाच्या कपाटात आहे याची. काही आज्ञावल्यांत हिशेब आपल्या यंत्रावर राहतो, काहींत तो दूर कोठेतरी विक्रेत्याच्या यंत्रावर राहतो आणि आपण वर्षाला भाडे भरतो. दोन्हींत फायदे-तोटे आहेत. आपले यंत्र जळाले तर दूरचा हिशेब वाचतो; इंटरनेट बंद पडले तर घरचा उघडता येतो. पण भाडे थकले किंवा यंत्र बदलायचे झाले तर सगळा हिशेब साध्या तक्त्यात उतरवून नेता येतो का, हे आधी करून पाहावे. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. विक्रेता तोवर राहील याची हमी कोण देणार? आणि चोरून मिळवलेली प्रत तर कधीच घेऊ नये. खोट्या तराजूवर खरे माप होत नाही.

पाचवी कसोटी अगदी घरगुती: बिघडल्यास गावात दुरुस्त करणारा कोण? शेवटी त्या व्यापाऱ्याने टॅली घेतले. ते सर्वांत स्वस्त होते म्हणून नव्हे. वरचा व्यवहार त्यात बसला, बदलांचा माग मिळाला, त्याचा सनदी लेखापाल तेच वापरीत होता आणि ते जाणणारी तीन-चार मुले गावातच होती. दुसऱ्याच्या धंद्याला दुसरे योग्य ठरेल. ज्याचा व्यवहार दिवसाला दहा-वीस नोंदींचा आहे आणि ज्याला जीएसटीची नोंदणी लागत नाही, त्याने साधी वही नीट ठेवली तरी मी त्याला मागासलेला म्हणणार नाही. मात्र घेतल्यावर महिनाभर वही आणि यंत्र दोन्ही चालवावीत आणि महिन्याच्या शेवटी ताळा पाहावा. त्या व्यापाऱ्याने तसे केले. पहिल्या महिन्यात फरक निघाला. चूक वहीत होती.

शेवटी स्वतःकडे बोट दाखवतो आणि थांबतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या संघटनेच्या सभेत एका तरुण हमालाने उठून विचारले, "भाऊ, वर्गणीचा हिशेब आम्हाला पाहायला मिळेल का?" मला राग आला. आयुष्य घातले आणि हा पोर हिशेब विचारतो! घरी आलो तर झोप लागेना. संघटनेचे वार्षिक विवरण आम्ही कायद्याप्रमाणे पाठवीत होतो. पण पावत्या माझ्या खोलीत एका पिशवीत होत्या आणि त्या माझ्याशिवाय कोणाला लागत नव्हत्या. म्हणजे लाल वहीवर बसलेला अडत्या मीच झालो होतो! दुसऱ्या आठवड्यात त्या पोराला मी बोलावले आणि पिशवी त्याच्यापुढे ठेवून म्हणालो, "बेटा, शोध." आज आमच्या संघटनेचा हिशेब संगणकावर तोच ठेवतो, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याचा छापील उतारा कार्यालयाच्या दारावर लागतो. पहिल्याच महिन्यात माझ्या प्रवासखर्चात चाळीस रुपयांची चूक निघाली. ती पुसलेली नाही.